चार लाख सातशे तीन

वाशीत पत्ता सांगताना हिचं नाव एका दमात घेतात : फोर डबल झीरो सेवन झीरो थ्री. कुरियरवाला ते टिपून घेतो आणि पुढच्या पार्सलला लागतो. ‘चार लाख सातशे तीन’ अशी पूर्ण नावानं हाक हिला कुणी मारत नाही. त्यामुळे ही संख्या आहे आणि तिला स्वभाव आहे, हे ध्यानातच येत नाही.

नोकरी टपाल खात्यातली. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिल्या 4 वरून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा कळतो, 400 वरून मुंबईची छाननी आणि 703 वरून वाशीचं पोस्ट. काम सगळं वाटणीचं. स्वतः मात्र ती कुणाच्या वाटणीत सापडत नाही. ती मूळ संख्या आहे.

हे सिद्ध करायला चिकाटी लागते. 633 चा वर्ग 400689, म्हणजे हिच्याहून फक्त 14 नं कमी. म्हणून 633 पर्यंतच्या 115 मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. प्रत्येकीला ती काही ना काही बाकी ठेवूनच परत पाठवते. 4 नं भागलं तर बाकी 3. अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेतही कधी मांडता येत नाही.

शेजारणी सगळ्या मोकळ्या स्वभावाच्या. नेरूळची 400706 म्हणजे 2 × 23 × 31 × 281. ऐरोलीच्या 400708 ला 4, 7, 11 असे सगळेच चालतात. कोपरखैरण्याची 400709 आधी ताठ वाटते, पण 61 पुढे नमते. 400701 ते 400710 या दहा जणींत मूळ ही एकटीच.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या खेळात मात्र ती हरते. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, 6174 वर येऊन थांबतात. ही 743000 वजा 000347 करून 742653 होते आणि तिथंच तिचं मूळपण जातं, कारण अशा वजाबाकीला 9 नं भाग जातोच. दहाव्या वजाबाकीला 851742 येतात आणि पुढे सात संख्यांचा फेरा कायमचा.

पण या हरण्यात तिचा दोष नाही. कापरेकरांचा खेळ अंकांशी आहे, आणि अंक हे संख्येचे कपडे. दशमान सोडून द्विमान पद्धतीत लिहा, सगळे अंक बदलतील. मूळपण तसंच राहील. टपाल खात्याचं काम मात्र कपड्यांवरच भागतं.