उलटी एबीसीडी

१९९१ च्या जून महिन्यात दहावीचा निकाल लागला तेव्हा मला इंग्रजीत २८ गुण होते. पास व्हायला ३५ लागायचे. बाकीच्या विषयांत मी बरा होतो, गणितात तर चक्क चांगला. पण गुणपत्रिकेत नजर जाते ती नेमकी दुखऱ्या जागी. घरी कुणी हात उगारला नाही. आईनं चहा केला. वडील म्हणाले, "आता ऑक्टोबरपर्यंत घरात बसून अंडी उबवणार का?" आणि दुसऱ्या दिवशी मला आमच्या आळीच्या टोकाच्या छापखान्यात नेऊन बसवलं.

आमचं गाव वाई, म्हणजे विद्वानांचं गाव. मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथलं. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघालेला आणि प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा हयात होते. अशा गावात राहून इंग्रजीत नापास होणं म्हणजे आळंदीत राहून हरिपाठ न येणं. रस्त्यानं जाताना मला उगाच वाटायचं, की हे २८ सगळ्यांना ठाऊक आहेत.

छापखाना खिळ्यांचा होता. पुण्यात तोवर संगणकावर मजकूर जुळवायला सुरुवात झाली होती, पण आमच्याकडे शिशाचे खिळे, लाकडी केस आणि पायानं मारायचं ट्रेडल. लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, दहाव्या-तेराव्याच्या चिठ्ठ्या ही नेहमीची कामं. मुख्य जुळारी अण्णा. शिक्षण मराठी सातवी. शाळेत इंग्रजीचं एक अक्षर शिकलेले नाहीत. आणि छापखान्यातलं सगळं इंग्रजी तेच जुळवायचे.

इंग्रजी काम आमच्याकडे दोन दिशांनी यायचं. एक वरून, म्हणजे पसरणी घाट चढून गेल्यावरच्या पाचगणीहून. तिथल्या निवासी शाळांचे खेळांचे कार्यक्रम, हॉटेलांची मेनूकार्डं, खोलीच्या दाराआड लावायचे नियम. दुसरं गावातूनच: एका खाजगी क्लासच्या सरावपत्रिका. दहावी इंग्रजी, व्याकरण, उतारे, पत्रलेखन. त्याच क्लासला मी दोन वर्षं जात होतो. म्हणजे ज्या कागदांनी मला बुडवलं ते कागद अण्णांच्या हातून निघाले होते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी ते अण्णांना सांगितलंही. ते म्हणाले, "मग पुढचे तूच लाव."

आता इंग्रजी केस कशी असते ते सांगायला हवं. देवनागरीला शेकडो खिळे लागतात. काने, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. जुळारी त्यांच्यापुढं हार्मोनियम वाजवल्यासारखा हात फिरवत असतो. इंग्रजीचं बिऱ्हाड त्या मानानं आटोपशीर. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. 'ई'चा खण सगळ्यांत मोठा आणि हाताशी, कारण तो सारखा लागतो. 'झेड' आणि 'एक्स' छोट्या खणांत, कधीतरी येणाऱ्या पाहुण्यासारखे. शाळेत पाचवीपासून मी इंग्रजी शिकत होतो, पण त्यात कुठलं अक्षर किती लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. छापखान्यात ते खणांकडं बघूनच कळलं.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ओळ लावताना ती डोकं खाली करून, डावीकडून उजवीकडे लावायची. त्यामुळे हातातला 'बी' डोळ्यांना 'पी' दिसतो, 'डी' दिसतो 'क्यू', आणि 'एन' दिसतो 'यू'. पहिला महिनाभर माझ्या प्रूफात 'गुड'चं 'गुक्यू' व्हायचं. अण्णा रागवायचे नाहीत. ओल्या शाईचा कागद माझ्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, "हे काय लावलंस ते म्हण बघू." ते उच्चारताना माझी जीभ अडकायची आणि मला हसू यायचं. मग खाचेवर बोट ठेवायला शिकलो. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती एका बाजूला आली की अक्षर सरळ लागलं. डोळ्यांवर भरवसा नाही, बोटावर ठेवायचा.

स्पेलिंग मला इथं आलं. शाळेत मी 'वेन्सडे' म्हणायचो आणि लिहिताना गळाठायचो. अण्णा म्हणायचे 'वेड-नेस-डे'. 'नाइफ'ला 'क-नाइफ', 'आयलंड'ला 'इस-लँड'. शब्द कानाला कसा लागतो याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. खिळे किती आणि कुठल्या क्रमानं, एवढंच. पुढे नोकरीत चारचौघांत माझ्या तोंडून 'इस-लँड' गेलं तेव्हा लोक हसले, ती गोष्ट वेगळी. लिहिताना मात्र मी आजतागायत चुकलेलो नाही.

व्याकरणाची गोष्ट जरा लांबवतो, कारण खरी मारामारी तिथं होती.

क्लासच्या कागदांवर एक प्रश्न हमखास: वाक्यातला 'टू' काढून टाका. म्हणजे 'ही इज टू वीक टू वॉक' याचं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' करायचं. आमच्या वर्गातला एक जण सरळ दोन्ही 'टू' खोडून 'ही इज वीक वॉक' लिहून आला होता. मला तो आजही चुकला असं वाटत नाही. 'काढून टाका' म्हटलं, त्यानं काढलं. पण मला हा प्रश्न पडायचा की हा माणूस इतका अशक्त आहे, त्याला चालता येत नाही, आणि आम्ही त्याच्या वाक्यातून शब्द काढत बसलोय.

दुसरं दुखणं कर्मणी प्रयोगाचं. 'रामानं आंबा खाल्ला' याचं इंग्रजी 'रामा एट अ मँगो', ते झालं कर्तरी. त्याचं कर्मणी करायचं तर 'आंबा रामाकडून खाल्ला गेला', असं सर मराठीत समजावून सांगायचे. वाईत असं कोण बोलतं? अगदी पंचायत समितीच्या पत्रातसुद्धा कुणी आंबा 'खाल्ला गेला' म्हणत नाही. खरी गोम अशी, की आमच्या मराठीत ते वाक्य आधीच कर्मणी आहे. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं: खाणारा राम, पण क्रियापद पाळतं ते खाद्याचं. मराठीच्या तासाला बाईंनी ज्याला कर्मणी म्हटलं, त्याचंच भाषांतर इंग्रजीच्या तासाला कर्तरी निघायचं. दोन्ही तास एकाच दिवशी असत. मी दोन वर्षं समजत होतो की दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय.

आणि ते टॅग. आपल्याकडं 'ना' एकच: येतोस ना, पाऊस आहे ना, तिनं सांगितलं ना. इंग्रजीत त्या एका 'ना'ला 'इझन्ट ही', 'डझन्ट शी', 'हॅव्हन्ट दे' अशी पलटण. अण्णांना टॅगचं पान आवडायचं नाही, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्या पानाला अपॉस्ट्रॉफी फार लागायच्या आणि आमच्या केसमध्ये त्या मोजक्याच. संपल्या की आदल्या कामाचा फर्मा रॉकेलनं धुऊन, खिळे सुटे करून खणांत टाकेपर्यंत काम थांबायचं. एकदा त्या थांबलेल्या तासाभरात मी मोजलं, की अर्ध्या पानात अपॉस्ट्रॉफी कुठं कुठं बसल्यात. 'एन'च्या पुढं आणि 'टी'च्या आधी. दर वेळी. टॅगच्या आधीचं वाक्य होकारी असलं तर ती येते, नकारी असलं तर येत नाही. हा नियम क्लासमध्ये फळ्यावर निदान दहादा लिहिला गेला असेल. मला तो कळला अपॉस्ट्रॉफी संपल्या म्हणून.

छापखान्याच्या फडताळात मालकांचं जुनं रेन अँड मार्टिन, म्हणजे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक होतं, पाठ निघालेलं. संध्याकाळी मी त्यातली वाक्यं लावून बघायचो. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच परदेशी पलटणीतल्या सैनिकांची वाळवंटी साहसकथा लिहिली, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा कळतं तर त्या पुस्तकाकडं मी जरा प्रेमानं पाहिलं असतं.

जुलैच्या शेवटी मी पहिल्यांदा मनानं इंग्रजी ओळ लावली. पाठ्यपुस्तकातली नाही, स्वतःची. 'माय फ्रेंड इज गुड बॉय.' अण्णांनी स्टिक हातात घेतली, उलट्या ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हितं कायतरी राहिलंय."

"काय?"

"ते मला ठावं न्हाई. पण 'इज'च्या पुढं लगेच 'गुड' आणि त्याच्या पुढं 'बॉय', असं मी कधी लावलेलं न्हाई. मधे एकटा 'ए' असतो. दोन स्पेसच्या मधे."

मी वेड्यासारखा बघत राहिलो. आपल्या भाषेत 'अ' नाही आणि 'द'ही नाही. कुठं घालायचा आणि कुठं नाही याचे नियम मी पाठ केले होते आणि पेपरात अंदाजानं मीठ टाकल्यासारखे ते टाकत होतो. अण्णांना नियम माहीत नव्हता. अर्थही नव्हता. त्यांच्या हाताला फक्त तिथली पोकळी जाणवली. त्यानंतर मी त्यांना मुद्दाम चुकीच्या ओळी लावून दाखवायला लागलो, म्हाताऱ्या वैद्यापुढं हात धरावा तशा. 'ही गो टू स्कूल'वर त्यांचं बोट 'गो'च्या पुढं थांबलं. 'टू इयर्स'मधला शेवटचा 'एस' मी गाळला, तोही सापडला. सगळंच सापडायचं असं नाही. 'आय अॅम नोइंग' त्यांनी बिनबोभाट पास केलं, आणि गावातल्या निम्म्या इंग्रजी बोलणाऱ्यांनीही केलं असतं.

उताऱ्यांचं मात्र अण्णांना काही सांगता येण्यासारखं नव्हतं. उतारा म्हणजे क्लासमधली एक युक्ती होती: वाचायचा नाही. प्रश्नातला मोठा शब्द हेरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तिथलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. बऱ्याचदा जमायचं. मी मार्चमध्ये हेच केलं होतं, आणि उताऱ्यातला वाघ कुणी मारला या प्रश्नाला वाघ किती फूट होता हे उत्तर लिहून आलो होतो.

पाचगणीच्या कामांत ही युक्ती चालेना. तिथं प्रश्नच नसायचे, नुसता मजकूर. प्रूफ तपासताना मी मूळ कागद मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविराम आणि कॅपिटलसकट, आणि अण्णा छापलेल्यावर बोट ठेवून पुढं सरकायचे. एका शाळेच्या खेळांच्या कार्यक्रमात 'थ्री-लेग्ड रेस' आली. तीन पायांची शर्यत! मी दोन दिवस तीन पायांचं जनावर शोधत होतो. शेवटी मालकांनी सांगितलं, की दोन पोरांचा एकेक पाय बांधून पळवतात. मेनूकार्डात 'पोरिज' होतं. वीरकरांच्या डिक्शनरीत अर्थ निघाला लापशी. लापशीसाठी कुणी घाट चढून जात असेल यावर अण्णांचा विश्वास बसेना. "परत बघ, पान चुकलं असंल."

असे शब्द मी पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवायला लागलो. 'टॉवेल', 'डिपॉझिट', 'ब्रेकेज', 'प्रोहिबिटेड', 'गार्डियन'. परीक्षेत यांतला एकही आला नाही. पण हॉटेलच्या दाराआडचे बारा नियम एका संध्याकाळी वाचून संपवले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मधे एकदाही डिक्शनरीला हात लावला नव्हता. बाहेर धो धो पाऊस होता, कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढून वर आली होती, आणि मी एका हॉटेलात दुपारी बाराच्या आत खोली सोडली नाही तर काय होतं हे समजून घेऊन बसलो होतो. त्या हॉटेलात मी कधीच जाणार नव्हतो.

गणपतीच्या पावत्यांत सप्टेंबर गेला. अभ्यासाला सुट्टी मागितली तर अण्णा म्हणाले, "हितं काय करतूयास मग?"

ऑक्टोबरच्या पेपराचं फारसं आठवत नाही. उतारा मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तर्जनी ओळीखाली ठेवून. वेळ पुरेना, निबंध अर्धवट राहिला. एका ठिकाणी माझं एक अक्षर जास्तीचं पडलं, तर ते खोडायच्याऐवजी मी त्यावर तिरकी रेघ मारून समासात प्रूफातली काढून टाकायची खूण केली. पर्यवेक्षक बाई मागे थांबून ते बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मला ५४ मिळाले.

पेढे घेऊन मी छापखान्यात गेलो तेव्हा अण्णा क्लासची नवी सरावपत्रिका लावत होते. पेढा तोंडात टाकून त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि स्टिकमधल्या ठळक ओळीकडं हनुवटी केली. प्रत्येक पत्रिकेत, दर वेळी, सरांच्या नावाखाली येणारी ओळ. "लेका, एक सांग आता. हे 'डू अॅज डायरेक्टेड' म्हंजे काय रं?"

"सांगितल्याप्रमाणे करा."

"एवढंच?"

"एवढंच."

"वीस वरसं लावतूय," अण्णा म्हणाले. "मला वाटायचं, सरांची डिग्री हाय."

आणि त्यांनी पुढच्या ओळीसाठी 'ई'च्या खणात हात घातला.