चाळीस हजारांचा पेहराव

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा हिशेब मांडताना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजावर दोन-चार ओळी खर्च केल्या आहेत. राजाच्या पदरी १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ. वैरागड त्याच्या ताब्यात. तिथे हिऱ्यांची खाण आहे आणि नक्षीदार कापड तयार होतं. रानात हत्ती पुष्कळ. एवढं नोंदवून अकबराचा हा हिशेबी दरबारी पुढच्या मुलखाकडे वळतो. त्या ४०,००० माणसांच्या डोक्याला काय होतं, अंगात काय होतं, भाला किती हाताचा होता, याबद्दल एक अक्षर नाही.

नोंद १५९०च्या दशकातली. नेमक्या त्याच सुमारास, १५९० साली, तिकडे तोयोतोमी हिदेयोशीने ओदावाराचा किल्ला घेऊन जपान एका छत्राखाली आणला होता, आणि दहा वर्षांनी सेकिगाहाराच्या मैदानावर निर्णायक लढाई व्हायची होती. त्या लढवय्यांची मात्र चिलखतं शाबूत आहेत. कोणतं कोणाचं, शिरस्त्राणावर कोणतं चिन्ह, पट्ट्या कोणत्या रंगाच्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या, सगळं संग्रहालयांच्या काचेमागे मांडलेलं. कॉम्प्युटर गेमसाठी सैनिक उभा करायला बसलेल्या माणसाला सामुराई असा नटूनथटून तयार मिळतो. चांद्याच्या शिपायाची फक्त हजेरी मिळते.

विकत घेतलेल्या गेमच्या पोटात शिरून हौशी मंडळी त्यात आपल्या मनाचे नकाशे, राजे आणि फौजा भरतात, त्याला मॉड म्हणतात. यातून सहसा पैसा मिळत नाही. रात्री जातात आणि डोळे बिघडतात. ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ हा एका काल्पनिक खंडावर घडणारा गेम. त्यावर ‘गेकोकुजो’ नावाचा मॉड निघाला आणि तो अख्खा खंड सेंगोकु काळातला, म्हणजे यादवीने पेटलेला जपान होऊन बसला. त्यासाठी लागणारं ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. तुकूमच्या एखाद्या खोलीत बसून चंद्रपूरच्या पोरालाही ते शिकता येतं.

काम कारागिरीचं आहे. आधी त्रिकोणांच्या जाळीतून माणसाचा सांगाडा-साचा, मग त्यावर उलगडून बसवलेली चित्रं. पडद्यावर एकाच वेळी शेकड्यांनी सैनिक धावत असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला त्रिकोण मोजूनमापून येतात. लाखवलेल्या पट्ट्या न् पट्ट्या घडवत बसायच्या नसतात, त्या रंगवायच्या असतात. उजेड पडला की उठाव असल्याचा भास झाला पाहिजे. शिवाय फौजांच्या बऱ्याच गेममध्ये खेळणारा वरून, लांबून बघत असतो. त्याच्या दृष्टीने सैनिक नखाएवढा. तेवढ्यातही हा कोण, कोणाचा, हे कळलं नाही तर बाकीची मेहनत पाण्यात.

गंमत अशी की सोळाव्या शतकातल्या जपानी सरदाराचीही हीच अडचण होती. धुरळ्यात, धुरात, हजारोंच्या गर्दीत आपण ओळखू यायला हवं. होंडा तादाकात्सुच्या शिरस्त्राणावरची हरणाची शिंगं चित्रांत पाहिली तर वाटतं, मान कशी टिकली असेल? ती शिंगं कागदाची आहेत. कागदावर कागद चिकटवून, वर लाख चढवून कडक केलेली. कुरोदा नागामासाचं शिरस्त्राण फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पाणम्हशीची अवाढव्य शिंगं, तीही हलक्या लाकडाची. वाराबिरा अडवण्याशी या शिंगांचा काही संबंध नाही. हे दुरून दिसायचं सामान आहे. पाठीवर काठीला बांधलेलं उभं निशाण, साशिमोनो, तेही त्यासाठीच. गेम करणाऱ्याच्या अर्ध्या डोकेदुखीवर जपान्यांनी चारशे वर्षांपूर्वी उतारा शोधून ठेवला होता.

साध्या पायदळाची, आशिगारूंची, गोष्ट आणखी सोयीची. त्यांच्यापैकी अनेकांचं चिलखत स्वतःचं नसे. मालक ते वापरायला देई, आणि छातीवर मालकाचं चिन्ह काढलेलं असे. त्यामुळे शंभर आशिगारू म्हणजे एकच आकृती शंभर वेळा, डोक्याला तीच शंकूसारखी टोपी. मॉड करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

धनुष्य मात्र सगळ्यांना छळतं. जपानी यूमी दोन मीटरहून लांब, बांबू आणि लाकूड जोडून केलेलं, आणि त्याची मूठ मधोमध नसते, बरीच खाली असते. गेममधले सगळे तिरंदाज एकाच हाडांच्या सापळ्यावर नाचतात आणि त्या सापळ्याला धनुष्य मध्यावर धरायचीच सवय. यूमी त्याच्या हातात दिलं की खालचं टोक मांडीत घुसतं. मग तिरंदाजाची हालचालच नव्याने बांधावी लागते.

पुरावे एवढे असूनही मोठ्या कंपन्या सूट घेतातच. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० सालचा गेम १२७४च्या मंगोल स्वारीवर आहे, पण त्यातला नायक नंतरच्या शतकांत रूढ झालेल्या धाटणीची तलवार आणि चिलखत मिरवतो. लोकांच्या मनातला सामुराई तसाच दिसतो, म्हणून. त्या स्वारीतलं खरं रूप हवं असेल तर तेही आहे: ताकेझाकी सुएनागा नावाच्या सामुराईने त्या लढायांतला स्वतःचा पराक्रम तेराव्या शतकाच्या अखेरीस लांबलचक चित्रगुंडाळीवर काढून घेतला. आपलं शौर्य कोणाच्या नजरेतून सुटू नये, याची पुरती काळजी त्या माणसाने घेतली. सातशे वर्षं ती चित्रं टिकली.

या जपानी कपाटात आपल्याकडचंही काही आहे. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर तोड्याच्या बंदुका उतरल्या आणि जपानी युद्धाचा नूरच बदलला. गोव्याच्या व्हाइसरॉयने १५८८च्या तारखेचं पत्र हिदेयोशीला धाडलं. ते आजही क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे राष्ट्रीय ठेवा म्हणून आहे. त्याहून आधी, १५४८ मध्ये, आंजिरो नावाचा कागोशिमाचा माणूस गोव्यात येऊन ख्रिस्ती झाला होता. म्हणजे मांडवीच्या काठावर जपानी पोहोचला, पण वर्धा-वैनगंगेच्या काठावरून कोणी कोणाचं चित्र काढून ठेवलं नाही.

तर समजा, त्या तुकूमच्या पोराने ठरवलं की पुढचा मॉड सामुराईंचा नाही, चांद्याच्या फौजेचा. मराठ्यांना ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये २००९ सालीच जागा मिळाली, गोंडांची फौज आता आपणच उभी करू. पहिल्याच रात्री मोह उभे राहतात. सर्वांत मोठा मोह रानगव्याच्या शिंगांच्या मुकुटाचा. तो दिसतो झोकात, लांबून ओळखू येतो, कुरोदाच्या शिरस्त्राणाशी जोडीही जमते. पण तो बस्तरच्या दंडामी माडियांचा, आणि नाचाचा. चांद्याच्या राजाच्या पायदळाला तो चढवणं म्हणजे लग्नातला फेटा रणात नेण्यासारखं. दुसरा मोह मार्कंड्याच्या देवळांचा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी दगडात कोरलेलं अख्खं दालन उभं आहे; दागिने, वस्त्रं, केशरचना, हवं ते घ्या. पण ती देवळं चांद्याच्या बल्लाळशहाच्या गोंड घराण्याआधी कित्येक शतकं घडली. आणि १८५८च्या उठावाचे बाबुराव शेडमाके, ज्यांना त्या वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपुरात फाशी दिली, त्यांची प्रतिमा अडीचशे वर्षं मागे ढकलणं हाही अन्यायच, दोन्ही काळांवर.

तिसरा मोह सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत सोपा: कमरेला लंगोटी, हातात धनुष्य, झाडाआडून बाण. ‘जंगली’ फौज. चंद्रपूरचा तट बघितलेला माणूस असलं काही करणार नाही.

पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने त्या तटाचा पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो उभा केला. चार दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर. पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण. हे राजे तटाआड राहणारे, दगड घडवणारे, स्वार बाळगणारे होते. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांना हे शहर तोफांनी खिंडार पाडूनच घ्यावं लागलं. पुढे तटावर झुडपं माजली, कचरा साठला. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दररोज सकाळी श्रमदान करून बुरूज मोकळे केले. मॉड करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांनी नकाशाच साफ करून दिला आहे.

जटपुरा दरवाजाखालून आज ऑटो, दुचाक्या यांचा लोंढा जातो आणि वर बघायला कोणाला सवड नसते. बघितलं तर गोंड राजांची खूण दिसते: हत्तीला दाबून उभा राहिलेला सिंह. प्रमाण साफ उलटं. सिंह मोठा, हत्ती त्याच्यापुढे लहान. शिल्प म्हणून मार्कंड्याच्या कोरीवकामाशी त्याची तुलना करायला जाऊ नये, पण बोधचिन्ह म्हणून ते पक्कं आहे. चार रेषांत काढता येतं, नखाएवढं केलं तरी कळतं. जपानी घराण्यांच्या चिन्हांत असतो तोच गुण. ढालीवर, निशाणावर, हत्तीच्या झुलीवर हेच जायला हवं. हत्तींचा प्रश्न तर अबुल फजलनेच सोडवून ठेवला आहे. मधली कित्येक वर्षं गडचिरोलीत रानहत्ती नव्हते; २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला आणि राहिला. धानाची नासाडी झालेल्या शेतकऱ्याला त्यात कौतुक वाटत नाही, हेही खरं.

उरलेलं सामान रानातून आणायचं. लोखंड घरचं: चंद्रपूरचा लोहारा, गडचिरोलीतलं सुरजागड. खाणकंपन्यांच्या कितीतरी आधी इथले लोक मातीच्या भट्टीत कोळशावर खनिज वितळवत. जपानी तलवारीचं पोलादही मातीच्याच भट्टीत होई. वाळूसारखं खनिज आणि कोळसा आळीपाळीने टाकत तीन दिवस-रात्र ती जागवावी लागे. तेव्हा चांद्याच्या पात्याला काळपट, ठोक्यांच्या खुणा असलेला पोत द्यायला कचरायचं कारण नाही. हत्यारांत कुऱ्हाड आधी. रानात राहणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ती युद्ध नसतानाही असते. धनुष्य बांबूचं, आणि मूठ मध्यावर धरली की झालं. इथे सापळा नव्याने बांधायची गरज नाही.

कापडासाठी आरमोरीकडे बघावं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे किडे पाळायचं काम तिथला ढिवर समाज करत आला आहे. कोशाचा मूळ रंग मधाकडे झुकणारा, थोडा मळकट, उन्हात चकाकणारा. सरदारांचे अंगरखे त्याचे करावेत. वैरागडच्या नक्षीदार कापडाचा नमुना आपल्यापुढे नाही, म्हणून त्यावर भारंभार वेलबुट्टी काढू नये. काठाला एक पट्टी पुरे. पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा, लाखेचा तांबडा, कोशाचा मधाळ. एवढ्या तीन रंगांत फौज रंगवली तर ती हिरव्या रानापुढे उठून दिसेल आणि जपान्यांच्या काळ्या लाखेशी तिची गल्लतही होणार नाही.

आणि ४०,००० सारखे दिसता कामा नयेत. एवढं खडं सैन्य त्या राज्याला पोसता आलं असेल, हे पटत नाही. बहुधा जमीनदारांनी वेळ पडली की गावोगावहून आणायची ती माणसं, आपापल्या कपड्यांत, आपापल्या हत्यारांनिशी. मालकाने दिलेलं चिलखत इथे नाही. म्हणून एकच आकृती शंभर वेळा चालणार नाही. पाच-सहा डोकी, तितकीच धडं, तितक्याच हातांतल्या वस्तू करून गेमला त्या उलटसुलट जुळवू द्यायच्या. कोणाच्या डोक्याला मुंडासं, कोणाचं उघडं. कामाला मेहनत जास्त, पण लांबून बघितलं तर हीच फौजेची ओळख ठरेल: ती एका ठशातली नाही.

राहिला आवाज. अनेक गेममध्ये सैनिकावर क्लिक केलं की तो काहीतरी बोलतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’चा सामुराई १९९९ पासून जपानीत हुकूम झेलतो आहे. इथे मात्र पुरावा संग्रहालयात शोधावा लागत नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, आणि धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मायक्रोफोन घेऊन गडचिरोलीची बस धरावी, म्हाताऱ्यांना चहा पाजून बसवावं, आणि बाण सोडा, मागे फिरा, हत्ती बिथरला, एवढ्या तीन ओरडण्यांपासून सुरुवात करावी. भामरागडचा माडिया आणि चांद्याकडचा गोंड एकाच तुकडीत वेगवेगळं बोलले तरी बिघडत नाही. ४०,००० माणसं काही एका गावची नव्हती.