काठीचा हापसा

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूस निघालें म्हणजे सातपुड्याच्या रांगांत काठी हें गांव लागतें. जुन्या मेवासी संस्थानांपैकीं हें एक. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यापासून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हां तें या नव्या जिल्ह्यांत आलें. येथील राजवाडी होळीची कीर्ति वाचकांच्या कानीं आलीच असेल. कमरेस भोपळे बांधलेले, अंगावर ठिपके रेखलेले व मस्तकीं मोरपिसांचा टोप धारण केलेले बुध्ये रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात, आणि उंच बांबूची होळी पहांटे पेटते. तो सोहळा पाहण्यासाठींच आम्ही चार दिवस आधीं तेथें जाऊन राहिलों. परंतु आज लिहावयाचें आहे तें एका पाड्यावरील हापशाविषयीं.

या डोंगरांत पाऊस पुष्कळ पडतो, पण काळ्या कातळावरून तो तसाच वाहून जातो. फटींतून जें मुरेल तेंच फाल्गुनांत हातीं लागतें. आम्ही उतरलों होतों त्या पाड्याचा सारा भार एका विंधनविहिरीवर होता. पहांटे हंडे घेऊन बायका रांगेस उभ्या राहत. दांडा वीस-पंचवीस वेळां हापसावा, तेव्हां कोठें पहिली धार येई. वर्षभरांत हें हळूहळू वाढत गेलें होतें. एका कचेरीनें दुरूनच ‘विहीर कोरडी’ असा शेरा मारून हापसा काढून टाकण्याचें ठरविलें होतें. तसें झालें असतें तर ओढ्यापर्यंतची उतरण बायकांच्या कपाळीं येती.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं उपशय म्हणजे कशानें बरें वाटतें व कशानें वाढतें हें पाहून केलेली परीक्षा. आम्हांस या प्रसंगीं तिचेंच स्मरण झालें. विहिरीचें पाणी खरोखर खालावलें असेल, तर विश्रांतीनें हापसा सुधारावयास पाहिजे : रात्रभर झरा साठतो, पहांटे धार चांगली येते, आणि पुष्कळ उपसल्यावर ती तुटते. येथें प्रकार नेमका उलटा होता. विश्रांतीनें दुखणें वाढे, श्रमानें कमी होई!

तालुक्याहून आलेल्या तरुण मिस्तरीस हें सांगतांच तो हंसला व म्हणाला, “गुरुजी, मग मोजूनच पाहूं.” धार सुरू झाल्यावर त्यानें चाळीस वेळां दांडा हापसून पाणी बादलींत धरलें. बारा लिटरांवर भरलें. म्हणजे दट्ट्याचे वायसर शाबूत होते, कारण ते झिजले असते तर चालू धारही बारीक पडली असती. मग त्यानें हापशास अर्धा तास कोणास हात लावूं दिला नाहीं. नंतर पाणी यावयास सतरा हापसे लागले. चांगल्या हापशास पांचांच्या आंत लागावे. तेव्हां नळांत चढलेलें पाणी परत खालीं गळत होतें, एक तर तळच्या झडपेंतून, नाहीं तर नळाच्या एखाद्या सांध्यांतून.

थंड देशांत घरें उबदार ठेवण्यासाठीं बंद नळ्यांतून ऊन पाणी फिरविणारे बॉयलर असतात, त्यांचेंही असेंच आहे. दाब रोज थोडा उतरतो, आणि घरधनी रोज थोडें पाणी भरून वेळ मारून नेतो. वास्तविक पाहावयाचें असतें तें हें कीं, दाब केव्हां उतरतो? तापतांना कांटा फार चढून निवल्यावर पूर्वीपेक्षां खालीं येत असेल, तर प्रसरणपात्रांतील हवा गेलेली असते, व जास्तीचें पाणी सुरक्षा-झडपेंतून बाहेर पडत असतें. रात्रंदिवस सारखाच उतरत असेल, तर कोठेंतरी गळती आहे.

असो. हा जुना, ‘मार्क दोन’ जातीचा हापसा. त्याची झडप पाहावयाची तर सारे नळ उपसावे लागतात. (या जातीचें मूळ आपल्याच सोलापूर व जालना येथें मिशनच्या कारागिरांनीं सुधारलेल्या पंपांत आहे, हें थोड्यांस ठाऊक असतें.) पाड्यावरचे आठ-दहा गडी लागले, तीन-तीन मीटरांचे नळ एकेक वर आले. प्रत्येक सांधा मिस्तरीनें पुसून पाहिला. कोठें चीर नव्हती. शेवटीं तळची झडप उघडली. तिचें रबर एका बाजूस झिजलेलें, आणि बैठकींत वाळूचे कण रुतलेले! नवें रबर बसविण्यास घटकाभरही लागली नाहीं. नळ पुन्हां खालीं सोडण्यांत मात्र दुपार गेली.

सायंकाळीं पुन्हां अर्धा तास थांबून दांडा धरला, तों तिसऱ्या हापशास धार आली. एक म्हातारी पुढें होऊन म्हणाली, “गुरुजी, आतां पाहुण्यांना पाणी पुरेल.” होळीस माणूस फार लोटतें, तेव्हां तिची काळजी यथार्थच होती. ‘विहीर कोरडी’ हा शेरा खोडून घेण्यासाठीं पाड्यावरील दोघां तरुणांस मात्र त्यापुढें आणखी दोनदां घाट उतरून तालुक्यास जावें लागलें.