हजार कोटींशेजारचा रुपया

बँकेतल्या कारकुनाला आकाशाशी काय कर्तव्य, असं आमच्या हिचं म्हणणं. पेणहून गाडी पकडून रोह्याची शाखा गाठणाऱ्या माणसाने फार तर ढग बघावेत, तेही छत्री घ्यायची की नाही हे ठरवण्यापुरते! पण मी म्हणतो, दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधणं हे मुळात कारकुनाचंच काम आहे.

पटत नाही? हिशेब मांडतो. लांबून पाहणाऱ्या कुणाला आपल्या सूर्यासमोरून पृथ्वी सरकताना उजेड किती घटलेला दिसेल? दहा लाख रुपयांत चौऱ्याऐंशी रुपये! एवढी तूट निघाली, की आमच्याकडे शेवटची गाडी चुकली तरी कुणी जागचं हलत नाही. केप्लर दुर्बीण २००९ पासून दीड लाखांवर ताऱ्यांची अशी खाती तपासत बसली. २०१८ मध्ये ती निवृत्त झाली, तोवर अडीच हजारांहून जास्त ग्रह पदरात पडले होते. तेही एकदासुद्धा चहा न मागता!

२०१९ मध्ये भारताने बिभा ताऱ्याच्या ग्रहाचं ‘संतमस’ असं बारसं केलं. नाव सुचवलं पुण्याच्या एका शाळकरी मुलानं. तिथलं वर्ष दोन दिवसांहून जरासंच मोठं. म्हणजे वार्षिक वेतनवाढ जवळजवळ दर परवा!

पण ग्रह आहे हे कळणं वेगळं आणि त्याचं तोंड पाहणं वेगळं. सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे हजार कोटी पट तेजस्वी. हजार कोटींच्या ठेवीदाराला खेटून एक रुपयाचा खातेदार उभा, तो दिसणार कसा? उपाय आपण पेणच्या स्टँडवर करतोच. एस्.टी.चे दिवे डोळ्यांत गेले, की तळहात आडवा धरून पाटी वाचतो. दुर्बिणीतल्या या तळहाताला करोनाग्राफ म्हणतात. फ्रान्सच्या बर्नार लियो यांनी १९३० च्या सुमारास तो सूर्याची प्रभा पाहण्यासाठी काढला. २०२३ मध्ये आपलं आदित्य-एल१ यानही तसलाच घेऊन गेलं. नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीतला तर दूरच्या ताऱ्यांवर हात धरण्यासाठीच बनवलाय.

एवढा खटाटोप त्या एका रुपयासाठी! कारण पाणी, हवा, जीव, जे काही असेल ते ताऱ्यावर नसतं, त्या रुपयाच्या खात्यावर असतं.

काउंटरवर मोठे ठेवीदार येतात, तेव्हा शाखाच उजळून निघते. त्यांच्या मागे, पहाटे वाडीवरून चालत निघालेली एखादी म्हातारी पदराच्या गाठीत शंभराची नोट बांधून उभी असते. मी तळहात आडवा धरतो नि म्हणतो, “शेठ, जरा बसा. आजी, तुम्ही या पुढे.”