माडीचं माप

पुण्यातल्या पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माडीवर कुणी चाललं की फडताळातली भांडी किणकिणायची. खालून पाहिलं तर कारण दिसलं. कडीपाटाच्या सहा कड्यांची भिंतीत गेलेली टोकं ओलीनं कुजली होती. इंजिनिअरबाईंनी त्यांच्या जागी लोखंडी गर्डर सुचवले. माप घ्यायचं काम मिस्त्रींनी आणि मी अंगावर घेतलं.

जिन्याकडच्या टोकाला टेप धरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत 11 फूट 4 इंच भरलं. दोन्ही भिंतींत सहा-सहा इंच टेकण धरून सहाही गर्डर एकाच लांबीचे कापून आणले.

पहिले दोन नीट बसले. पुढे मात्र टेकण कमी कमी होत गेलं आणि रस्त्याकडच्या शेवटच्या गर्डरला दोन्ही बाजूंना पावणेपाच इंचच उरलं.

बाईंनी काम थांबवलं. ओळंबा सोडला, तर एका भिंतीला चांगलंच पोट आलेलं. "मिस्त्री, दोन्ही भिंती समांतर आहेत असं आपण धरून चाललो, तिथंच चुकलं," त्या म्हणाल्या. शिवाय आम्ही मोजलं होतं माडीच्या जमिनीवरून. जुन्या बांधकामात खालची भिंत बहुधा वरच्या मजल्यापेक्षा जाड असते. त्यामुळे गर्डर ज्या उंचीवर टेकणार, त्याच उंचीवरचं माप खरं.

मग लेव्हलची नळी निघाली. पाण्याच्या पातळीवरून चारही भिंतींवर एकच रेघ मारली आणि त्या रेघेपासून खाली मोजत गेलो. खोलीच्या मधोमध जमीन तीन इंच खचलेली निघाली. डोळ्यांना ती इतकी कधीच जाणवली नव्हती.

"कोबा घालून समपातळी करून टाकू," मिस्त्री म्हणाले. बाईंनी तिथंच हिशेब मांडला. एक इंच जाडीचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 50 किलो. तीन इंच भरले तर 150. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला 200 किलो भार धरतात. म्हणजे त्यातला पाऊण वाटा नुसता खड्डा बुजवण्यात गेला असता, तोही कायमचा. त्यामुळे जमीन भरून काढायचा विचार सोडला आणि गर्डरच एका पातळीत बसवायचे ठरले.

आणखी एक घोळ मापाच्या भाषेचा होता. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी आमचे मिस्त्री फूट, इंच आणि सुतातच बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3 मिलिमीटरहून किंचित जास्त. कापणाऱ्याचं काम मात्र मिलिमीटरमध्ये चालतं. दोघांचे टेप शेजारी ठेवले, तर एकाची पुढची आकडी वाकलेली निघाली. तो टेप बाजूला ठेवला आणि पुढचं सगळं काम एकाच टेपनं, मिलिमीटरमध्ये केलं.

प्रत्येक गर्डरच्या जागेला क्रमांक दिला. प्रत्येक माप दोनदा घेतलं. एकदा मिस्त्रींनी, एकदा मी. आकडे जुळले तेव्हाच कागदावर उतरवले आणि तोच कागद कापणाऱ्याकडे गेला. आखूड ठरलेले गर्डर भंगारात द्यावे लागले, काम तीन आठवडे लांबलं.

नव्या कागदावर सहा गर्डरांच्या सहा वेगळ्या लांब्या होत्या. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या गर्डरमध्ये 58 मिलिमीटरचा फरक होता.