मोहगाव परिसरातील एक प्राचीन बिऱ्हाड

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले, की सावनेर मागे पडते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. ती संपते कागदावर. जमीन तीच काळी, बागा त्याच संत्र्यांच्या, शेतांत तोच कापूस आणि तीच तूर. सौंसरच्या बाजारात कानी पडते तीही नागपुरी वळणाची मराठीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली त्याच जिल्ह्यातील सौंसर व पांढुर्णा हा भाग वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला. आमचे मोहगाव या सौंसर तालुक्यातले. लोकांच्या तोंडी मोहगाव हवेली.

गावी येणारा पाहुणा प्रथम अर्धनारीश्वराच्या देवळात जातो. महाशिवरात्रीला तेथे भाविकांची गर्दी लोटते. एकाच देहात दोघांचे वास्तव्य ही कल्पना आपल्या पूर्वजांनी मूर्तीत पाहिली. तिचाच एक निराळा आविष्कार सृष्टीत पाहावयाचा असेल, तर या परिसरातील दगडांकडे वळले पाहिजे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत खोलगट जागी तळी साठली, त्यांत पाणवनस्पती वाढल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांच्या पेशीपेशींत मुरले आणि त्या जशाच्या तशा दगड झाल्या. गारगोटीच्या जातीच्या या दगडाला भूशास्त्रज्ञ चर्ट म्हणतात. १९४३ साली थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी राव यांनी सौंसरभोवतालच्या चर्टमधील वनस्पतींवर निबंध प्रसिद्ध केला. (जीवाश्मांसाठी पुस्तकांतून गाजलेले मोहगाव कलान हे छिंदवाडा जिल्ह्यातील दुसरे गाव, नामसाम्यामुळे पुष्कळांची गल्लत होते.) या वनस्पतींत एक इवलेसे पाणनेचे होते. त्याचे नाव अझोला.

अझोला आज नामशेष नाही. गुरांना हिरवा चारा म्हणून शेतकरी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ते वाढवितात. नखाएवढी पाने, उन्हाने किंवा थंडीने लालसर होणारी. पण त्याच्या प्रत्येक पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि त्या पोकळीत बिऱ्हाड असते एका जिवाणूचे. नीलहरित शैवाल म्हणून पाठ्यपुस्तकांत ज्याची ओळख होते, त्या कुळातला हा नॉस्टॉक. हवेत अमाप असलेला, पण झाडाला थेट घेता न येणारा नायट्रोजन तो पकडतो आणि झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात देतो. झाड त्याला साखर आणि निवारा देते. चीन व व्हिएतनाममधील शेतकऱ्यांनी शतकानुशतके भातखाचरांत अझोला वाढवून खत साधले ते याच्याच बळावर. विशेष हे, की अझोल्याचे बीजाणू तयार होताना जिवाणूंचा एक लहानसा समूह त्यांच्या टोपीखाली जाऊन बसतो. मुलगी सासरी निघावी आणि माहेरचे विरजण सोबत घ्यावे, तसे हे पुढच्या पिढीत जाणे.

असा शेजार सृष्टीत जागोजागी आहे. उत्तर अटलांटिकच्या थंड, अंधाऱ्या पाण्यात, नॉर्वेच्या खाड्यांतून, मऊ प्रवाळांची झाडासारखी वाढ आढळते. उष्ण समुद्रातील बहुतेक पोवळ्यांच्या अंगी शैवाल असते आणि सूर्यप्रकाशावर ते त्यांचे पोट भरते. खोल अंधारात ती सोय नाही. प्रवाहाबरोबर येईल ते कण टिपून हे प्रवाळ जगतात. त्यांच्या अंगावरील बुळबुळीत थरात व पेशींत जिवाणूंच्या वसाहती असतात. त्या तपासल्या, तेव्हा भोवतालच्या पाण्यातील जिवाणूंहून त्या निराळ्या निघाल्या. म्हणजे पाण्यातून वाहत आलेला प्रत्येक जण तेथे सामावत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ आता प्रवाळ म्हणजे एक प्राणी असे न म्हणता, प्राणी आणि त्याचे जिवाणू मिळून झालेले एक कुटुंब असे म्हणू लागले आहेत.

परंतु या कुटुंबवत्सलतेची एक किंमतही असते. २०१० साली अझोल्यातील जिवाणूची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. त्यातील जवळजवळ एकतृतीयांश जनुके निकामी झालेली आढळली. पानाच्या पोकळीत सारे आयते मिळत गेले आणि एकट्याने जगण्याची विद्या एकेक करून लोपली. नायट्रोजन देण्याची विद्या मात्र शाबूत राहिली. आज त्याला पोकळीबाहेर काढले, तर तो जगू शकत नाही.

आता मोहगावच्या कोणत्याही शेतात जाऊन तुरीचे रोप हलक्या हाताने उपटावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसेल. तेथेही जिवाणूच आहेत, रायझोबियम कुळातले. तेही नायट्रोजन देतात, साखर घेतात. पण गाठ कुजली, की त्यातील काही पुन्हा मातीत उतरतात, आपल्या बळावर तग धरतात आणि पुढच्या हंगामात नव्या मुळाशी नाते जोडतात. देणे दोघांचेही खरे. एकाने स्वतःचे काही राखले आहे, एवढाच भेद.

हा भेद वर्गात शिकविताना समोर बसलेल्या मुलांकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. घरी मराठी बोलणारी ही मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि उत्तम शिकतात. या राज्याने आम्हांला घर दिले. आम्हीही येथल्या शेतीत, शाळांत, कचेऱ्यांत आपले श्रम ओतले. या देवघेवीत उणे काही नाही. चिंता वाटते ती अशा घराची, जेथे आजीचे बोलणे नातवाला कळते, पण आजीचे पत्र त्याला वाचता येत नाही. विद्या अशीच जाते. एका दिवसात नव्हे, गरज पडत नाही म्हणून. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांना हे निराळे सांगावयास नको.

हिवाळ्यात संत्र्याच्या दिवसांत या भागात अवश्य यावे. सोबत मुलांना आणावे. देऊळ दाखवावे, दगड दाखवावा, तुरीची गाठ फोडून दाखवावी. आणि परतल्यावर या सहलीची हकीकत त्यांच्याकडून मराठीत, त्यांच्याच हस्ताक्षरात, लिहवून घ्यावी.