जिलेबीवरचा आळ

इंदूरची सकाळ उजाडते पोहे-जिलेबीनं आणि रात्र सरते सराफ्यात. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि ताटलीएवढा जिलेबा मांडून बसतात. अशा गावात मधुमेह घेऊन राहायचं म्हणजे व्रतस्थानं हलवायाशेजारी बिऱ्हाड करण्यासारखं.

आमचे दाजी तसे राहत होते. अक्का बेळगावहून लग्न होऊन तिकडे गेली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. दाजींचा मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. 2022च्या हिवाळ्यात मी गेलो, तर घरात अबोला. उपाशीपोटीची साखर एरवी 130च्या आसपास असायची, ती तीन महिन्यांत 170वर गेली होती. अक्कानं निकाल देऊन टाकला होता : हे फिरायला म्हणून जातात आणि जिलेबी खाऊन येतात. तिनं त्यांचं सकाळचं फिरणं बंद केलं होतं. खिशातली चिल्लरही मोजत होती.

"मी काय खोटं बोलून राहिलोय?" दाजी मला म्हणाले. त्यांचा आवाज कापला. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्या घरात चोर ठरला होता.

दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाकिटं टेबलावर पसरली आणि एकावर बोट ठेवलं. रक्तदाब उतरेना म्हणून तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली लघवीची गोळी, हायड्रोक्लोरोथायाझाइड. ती पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते. पोटॅशियम घटलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं आणि साखर चढते. रक्त तपासलं. पोटॅशियम 3.1 निघालं, ते साडेतीनच्या खाली जाऊ नये.

डॉक्टरांनी बाकीच्यांचीही ओळख करून दिली. अॅम्लोडिपिन साखरेच्या वाटेला जात नाही. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल मधुमेहात मूत्रपिंड सांभाळतात. अॅटेनोलॉलची गंमत निराळी : साखर एकदम उतरली की होणारी धडधड, थरथर ती झाकून टाकते, घाम तेवढा सुटतो, तो ओळखायला शिकावं.

"मग ही गोळी फेकूनच देतो," दाजी म्हणाले.

डॉक्टर पहिल्यांदाच कडक झाले. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. तीत ज्या मधुमेहींचा रक्तदाब काटेकोर राखला गेला, त्यांच्यात पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी आढळला. चढलेली साखर उतरवता येते, गेलेला हात परत आणणं कठीण, असं त्यांनी बजावलं. मनानं गोळी सोडायची नाही. त्यांनीच तिची मात्रा निम्मी करून जोडीला टेल्मिसार्टन दिलं. दोन महिन्यांनी साखर 140वर आली.

अक्कानं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. क्षमा वगैरे मागण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींचे बूट पुसून दाराशी ठेवलेले दिसले, एवढंच.

मी सोबत निघालो. कोपऱ्यावरच्या कढईचा वास आला तसे दाजी थबकले आणि हळूच म्हणाले, "एकदा खाल्ली होती बरं का. एकदाच."

हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही. हा अंक हाती पडल्यावर तिला कळेलच.